वळणावरचा डावा हात

“दोष त्या लडाखच्या नवांगचाच होता. पंचांनी त्याला बाद केलं, सोनं मला दिलं. विषय संपला. मग तुम्हीच तेवढे गप्प का, वस्ताद?”

सिदबा वस्ताद तालमीच्या हौदातली लाल माती फावड्यानं सारखी करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

म्हातारी माणसं अशीच. आपण पेटून विचारावं आणि ह्यांनी माती सारखी करत राहावं.

इंद्रजितच्या गळ्यात पदक होतं. बर्फावरच्या शर्यतीचं, देशपातळीवरचं. गावच्या डांबरी रस्त्यावर चाकांचे स्केट घालून शिकलेला पोरगा पहाडात जाऊन पहिला आला, तो ह्याच तालमीत कमावलेल्या मांड्यांच्या जोरावर. कॉलेज त्यानं दुसऱ्या वर्षालाच सोडलं होतं. आता पदक होतं म्हणून खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी समोर होती. पदक गेलं तर हातात काहीच नव्हतं.

आणि त्या पदकावरूनच रान पेटलं होतं. शेवटच्या वळणावर नवांग आतल्या बाजूनं शिरला, दोघं आदळले, नवांग आडवा झाला. धक्का नवांगनंच दिला, असं पंचांनी ठरवलं. लडाखची पोरं म्हणत होती, पंच आंधळा. इकडची म्हणत होती, पंच देवमाणूस. ज्यांनी बर्फ उसाच्या रसापलीकडे कधी पाहिला नाही, ती काकामंडळी तोच व्हिडिओ थांबवून थांबवून एकमेकांना नियम शिकवत होती. ओरड इतकी वाढली, की उद्या चौकशी ठेवली होती. मुख्य पंचांचा निरोप इंद्रजितच्या फोनवर पडून होता… काही सांगायचं असेल, तर आज संध्याकाळपर्यंत फोन करा.

“आज माझा सत्कार आहे,” इंद्रजित म्हणाला. “तुम्ही यायचं आणि चारचौघांत एवढंच म्हणायचं, पोरगं साफ आहे. तुमच्या शब्दापुढं गावात कोण बोलणार?”

“म्या हुतो का तिथं?”

“व्हिडिओ दाखवतो की.”

“व्हिडिओ नगं. तूच दाखीव. पळून.”

इंद्रजित हसला. त्यानं बूट काढले, माती कपाळाला लावली आणि हौदात उतरला.

दाखवायला त्याला आवडायचं. त्या वळणाइतकं सुंदर दुसरं काही त्याच्या अंगात नव्हतं. तो कमरेत वाकला, डावा हात खाली सोडला आणि हौदाच्या कडेनं गोल धावू लागला. बर्फावर वळण घेताना डाव्या हाताची बोटं खाली टेकवावी लागतात, तोल त्यांच्यावरच असतो. सारख्या केलेल्या मातीत बोटांची ओळ उमटत गेली.

“हा मी पुढं… हे वळण लागलं… इथं नवांग आतून घुसला… आणि इथं त्यानं मला धडक दिली!”

तो थांबला. छाती भरून आली होती. “बघितलंत?”

वस्ताद ओळीच्या कडेकडेनं चालत गेले. एका जागी उभे राहिले. फावड्याचा दांडा मातीला लावला.

बोटांची ओळ तिथं तुटली होती. वीतभर माती कोरी होती. पुढं ओळ पुन्हा सुरू होत होती.

“हितं हात कुठं गेला रं?”

…

इंद्रजितनं स्वतःच्या डाव्या हाताकडं पाहिलं. आत्ता तो कधी उचलला गेला, हे त्याला कळलंच नव्हतं. तेव्हा मात्र कळलं होतं. नवांगच्या मांडीवर बोटं रुतली होती. मग नवांगचा तोल गेला, आणि मग तो येऊन आदळला.

“सगळेच करतात, वस्ताद.”

“बरं.”

“बघायचं काम पंचांचं. त्यांना दिसलं नाही, ह्यात माझी काय चूक?”

“कुस्तीत पाठ टेकली, हे पयल्यांदा कुणाला कळतं?”

“पंचाला.”

“पाठीला.”

इंद्रजितचं डोकं सणकलं.

“तुम्हाला बोलायला काय जातंय! सगळं आयुष्य जगून झालं, आता खरं बोलायला कुणाच्या बापाचं भय?”

“तवा म्या तुज्याएवढाच हुतो.”

ती गोष्ट साऱ्या गावाला पाठ होती. मोठं मैदान, निकाल सिदबाच्या बाजूनं, गदा खांद्यावर. आणि पोरगा पंचांपुढं जाऊन म्हणाला होता, माझी पाठ आधी टेकली होती, तुम्हाला दिसली नाही. गदा परत दिली. शाळेत दर पंधरा ऑगस्टला गुरुजी ही गोष्ट सांगत आणि कडाकडा टाळ्या वाजवायला लावत. तेच गुरुजी आज सत्काराचे अध्यक्ष होते. काल घरी येऊन इंद्रजितच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले होते, चौकशीत जास्त बोलू नकोस बाळा, आपलं चाललंय ते बरं चाललंय.

थुंकावंसं वाटलं त्याला. पण तो हौदात होता.

तो बाहेर आला. गळ्यातलं पदक काढलं, बुटांशेजारी ठेवलं. फोन घेतला. मुख्य पंचांचा नंबर लावला आणि कानाला धरला.

“वस्ताद, गुरुजींची ती गोष्ट गदा परत दिली, तिथंच संपते.”

“व्हय.”

“पुढं काय झालं?”

“फुडचं कुणी इचारलं न्हाई.”

“मी विचारतोय. काय गेलं तुमचं?”

फोनची घंटी वाजत होती…

वस्ताद पुन्हा माती सारखी करायला लागले.

“रेल्वेतली नोकरी गेली. माज्या वस्तादानं मरंपतोर माजं तोंड बघितलं न्हाई. त्यातलं कायबी परत मिळालं न्हाई.”