कासवछाप गाडी

फार वर्षांमागची गोष्ट. माणसं तेव्हा जिकडेतिकडे बैलगाडीनेच जात होती, आणि गाडी कुठली यावरून माणूस केवढा ते ठरवत होती. त्या काळी एका आडगावात एक सुतार राहायचा. घर रस्त्याच्या कडेला, आणि घरात तो एकटाच. बायको मागेच गेली होती, मूलबाळ नव्हतं. दिवसभर तो लाकडाशी बोलायचा. लाकूड उलट बोलत नाही, त्यामुळे दोघांचं बरं जमायचं.

सुतार गाड्या करायचा. बाभळीचं जुनं, मुरलेलं लाकूड निवडून आणायचा आणि चाकाचा एकेक आरा असा तासून बसवायचा की वर्षानुवर्षं तो हलू नये. त्याच्या गाडीला जुंपले की बैलांना ओझं कमी वाटायचं. जुवाच्या मधोमध तो एक छोटं कासव कोरायचा. ही खूण त्याच्या वडिलांची. कासव दमत नाही आणि सहजी मोडत नाही, म्हणून वडिलांनी ते निवडलं होतं. गाडीवर कासव बघून लोक हसतील, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

लोक हसायचेच. कारण त्या मुलखात गाडी म्हणजे मोरछाप. पुढच्या पेठेत मोरछापवाल्यांचा मोठा कारखाना होता. जुवावर पिसारा फुलवलेला मोर, बाजूंना लाल-पिवळा रंग, आणि वर बैलांसाठी घुंगरांची माळ फुकट. गाड्या काही वाईट नव्हत्या. काही चांगल्या निघायच्या, काही बेताच्या. पण त्यांच्याकडे वाकून बघायच्या भानगडीत कुणी पडत नसे. मोर दिसला की गिऱ्हाईक निर्धास्त व्हायचं.

त्या मुलखात एक रीत होती. दसऱ्याला जो तो आपली गाडी धुऊन, झेंडूच्या माळा घालून, ती ज्याने केली त्याच्या दारी न्यायचा. गाडी करणारा आपल्या हाताने चाकांना वंगण द्यायचा, गाडीवान त्याला आपट्याचं पान द्यायचा, आणि दोघं दोन घटका बोलत बसायचे. पेठेतल्या कारखान्यापुढे त्या दिवशी रांग लागायची. वडिलांच्या वेळी सुताराच्या अंगणातही चार गाड्या यायच्या. मग त्या गाड्यांचे म्हातारे मालक एकेक करून गेले. आता सुतार दसऱ्याला अंगण सारवायचा, वंगणाचं भांडं घेऊन ओट्यावर बसायचा, आणि दिवस मावळला की ते उचलून आत ठेवायचा. सगळं वर्ष तो कसंही काढायचा, पण तो एक दिवस त्याला नकोसा व्हायचा.

एकदा नदीकाठच्या बाजारात त्याने आपली नवी गाडी उभी केली. शेजारी ओळीने मोरछाप गाड्या. एक तरुण शेतकरी आला. भावांपासून नुकताच वेगळा निघालेला, आयुष्यातली पहिली गाडी घ्यायला आलेला. त्याने कासवछाप गाडीची चाकं दाबून पाहिली, चाकांमधला कणा ठोकून पाहिला. बैल जुंपून तिला नदीच्या वाळूतून एक फेरी मारली. वाळूत भल्याभल्या गाड्या रुततात, ही सरळ निघून आली. तो खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा खुलला होता. सुताराने तर मनातल्या मनात गाडी त्याला देऊनही टाकली, आणि दसऱ्याला तो अंगणात आला की गूळपाणी द्यायचं हेही ठरवून टाकलं.

इतक्यात शेतकऱ्याच्या गावचे दोघं तिथून चालले होते. गाडी कुठली म्हणून त्यांनी विचारलं. कासव पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं, आणि आज निघालास तर पुढच्या दिवाळीला घरी पोचशील, असं म्हणत ते हसत पुढे गेले. शेतकऱ्याचा जुवावरचा हात हळूच खाली आला.

"काका, गाडीत खोट नाही," तो म्हणाला. "पण मोरछाप घेतली आणि मोडली, तर लोक म्हणतील, बिचाऱ्याचं नशीब. तुमची घेतली आणि मोडली, तर म्हणतील, याला अक्कल नाही. भाऊ आधीच माझं चुकतं कधी याची वाट बघतायत."

"मोडणार नाही," सुतार म्हणाला.

"ते मलाही कळतंय," शेतकरी म्हणाला, आणि शेजारची मोरछाप घेऊन गेला.

त्या मोरछाप गाडीच्या एका आऱ्याला बारीक चीर होती, वर रंग फासलेला. सुताराला ती दिसली होती. सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं. पण ज्याची स्वतःची गाडी खपली नाही त्याने शेजारच्या गाडीत खोट काढली, तर ऐकणार कोण? तो गप्प बसला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

बाजारातला एक दलाल हे सगळं बघत होता. दुसऱ्या दिवशी तो सुताराच्या घरी येऊन बसला.

"तुझ्या गाडीला कुणी नाही म्हणत नाही रे," दलाल म्हणाला. "लोक कासवाला नाही म्हणतात. नवं जू बसव, त्यावर मोर कोर. गाडी तीच, हात तुझेच. बाकीचं मी बघतो."

सुताराने त्याला उठवून लावलं. पण न खपलेली गाडी दारात उभी राहिली. उन्हापावसाने चाकाची लोखंडी धाव गंजायला लागली, शेजारच्या कोंबड्या गाडीत अंडी घालू लागल्या. चालण्यासाठी केलेली वस्तू अशी उभ्या उभ्या म्हातारी होताना बघणं सुताराला सोसेना. शेवटी एका दुपारी त्याने पटाशी घेतली आणि नव्या जुवावर मोर कोरला. हात बसलेला होता, मोर सुरेख आला. तो बघून सुताराला स्वतःचीच लाज वाटली. पण दलालाने गाडी बाजारात नेली, आणि ती हातोहात गेली.

मग सुताराने दुसरी केली, तिसरी केली, चौथी केली. सगळ्यांवर मोर. गाड्या रस्त्याला लागल्या याचंच त्याला समाधान होतं. एकदा दलालाने सहज सांगितलं की मोरछाप गाड्या हल्ली पूर्वीपेक्षा चांगल्या निघतात असं लोक बोलतात. सुताराला आधी हसू आलं. मग त्याच्या लक्षात आलं की ही जी वाहवा वाढत होती ती त्याच्या हातांची होती, आणि ती जेवढी वाढेल तेवढं कासवाकडे बघणारं माणूस मिळणं अवघड होत जाणार होतं. आपण आपल्याच हाताने आपली वाट बुजवतोय, हे त्याला कळलं, आणि तो फार घाबरला.

दसरा आला. सवयीने त्याने अंगण सारवलं आणि वंगणाचं भांडं घेऊन ओट्यावर बसला. सकाळपासून गाड्या रस्त्याने पेठेकडे चालल्या होत्या. एका चाकाचा आवाज कानावर आला आणि त्याने मान वर केली. ती त्याचीच गाडी होती. झेंडूच्या माळा ल्यालेली, दारावरून पुढे कारखान्याकडे गेली. मागून आणखी एक आली, तीही त्याचीच. तीही गेली. लेकींनी माहेरच्या दारावरून जावं आणि वळूनही बघू नये, तसं त्याला झालं. त्याला रडू फुटलं.

तेवढ्यात तोच तरुण शेतकरी गाडी हाकत आला. त्याची पहिली मोरछाप सुगीच्या ऐन धांदलीत आरा मोडून बसली होती. अपेक्षेप्रमाणे लोकांनी नशिबाला बोल लावला, भावांनी पोती उतरवायला मदतही केली, आणि त्याने पुन्हा मोरछापच घेतली. ती मात्र सुताराच्या हातची निघाली होती. सुतार धावत रस्त्यात आला आणि त्याने चाकावर हात ठेवला. शेतकऱ्याला वाटलं, म्हातारा दसऱ्याचं भेटायला आला. त्याने आपट्याचं पान पुढे केलं.

"ही गाडी मी केलीय," सुतार म्हणाला.

शेतकऱ्याला राग आला नाही. त्याला म्हाताऱ्याची दया आली.

"काका, एवढी चांगली गाडी तुमच्या हातची असती," तो म्हणाला, "तर तिच्यावर तुमचं कासव नसतं का?"

"असतं. पण मग तू ती घेतली असतीस का?"

शेतकरी गाडीवरून खाली वाकला. त्याने चाकाकडे पाहिलं, चाकावरच्या त्या घट्टे पडलेल्या हाताकडे पाहिलं. नदीच्या वाळूत मारलेली फेरी त्याला आठवली. ही नवी गाडी इतकी ओळखीची का वाटत होती, ते त्याला आत्ता उमगलं.

"नसती घेतली," तो खाली बघून म्हणाला.

मागे गाड्या खोळंबल्या होत्या. काय झालं, म्हणून माणसं ओरडून विचारत होती. इथेच गाडी अंगणात वळवली, तर आपला मोर खरा नाही हे सगळ्यांना कळणार, आणि उद्या भावांच्या कानावर जाणार. शेतकऱ्याने एकदा सारवलेल्या अंगणाकडे पाहिलं, एकदा मागच्या माणसांकडे.

"उशीर होतोय काका," असं म्हणून त्याने ते पान सुताराच्या हातात ठेवलं आणि बैलांना हाक दिली. गाडी पेठेकडे गेली.

सुताराने त्यानंतर मोर कोरला नाही. दलाल यायचा थांबला. पुढच्या बाजारात सुताराने पुन्हा कासवछाप गाडी उभी केली, त्याच्या पुढच्याही बाजारात केली. लोक यायचे, चाक दाबून बघायचे, कणा ठोकून बघायचे, गाडी झकास आहे म्हणायचे, आणि मग कुठली म्हणून विचारायचे.

"माझी," सुतार सांगायचा.

लोक मान डोलवायचे आणि शेजारच्या मोराकडे वळायचे.

तात्पर्य: माणूस चुकायला भीत नाही, एकट्याने चुकायला भितो, म्हणून तो चांगली वस्तू ओळखूनही सोडून देतो. आणि त्या भीतीपुढे नमून जो आपल्या कामावर दुसऱ्याची खूण कोरतो, त्याचं काम घरोघर पोचतं, पण त्याच्या दारी कुणी येत नाही.