न गळणारा पारिजातक

डोंगराच्या पायथ्याशी, जिथे ओढा वळून पळसाच्या रानात शिरतो, तिथे एका एवढ्याशा झोपडीत उत्पला राहत होती. घरात दोन मडकी, एक चटई आणि बहुतेक वेळा विझलेली चूल. बाबा पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावून बाजारात न्यायचे. त्या विकल्या गेल्या तरच चूल पेटायची. आणि आई? आई उन्हाळ्यात तापाने गेली होती.

अंगणात आईने लावलेला पारिजातक होता. पावसाळा आला की रोज पहाटे आई त्याच्याखाली सूप घेऊन बसायची. झाडाला मात्र ती कधी हात लावत नसे. "जे फूल आपणहून खाली येतं, तेच आपलं," असं ती म्हणायची. मग इवल्या इवल्या फुलांचे केशरी देठ खुडून ती सावलीत वाळवायची, पाण्यात उकळायची आणि त्या रंगात कापड बुडवायची. डोंगरातल्या लेण्यात एक म्हातारे भंते राहत. त्यांचं चीवर, म्हणजे अंगावरचं केशरी वस्त्र, दर वर्षी आईच्या हातचं असे.

त्यामुळे आईची बोटंही केशरी झालेली असत. उत्पलाची वेणी घालताना ती बोटं कानाशी आली की मंद, गोड वास यायचा. अलीकडे उत्पलाला आईचा चेहरा थोडा थोडा पुसट दिसू लागला होता. बोटं मात्र अजून स्पष्ट आठवत. तीही पुसट झाली तर?

आता पारिजातक पुन्हा फुलला होता. उत्पला फुलं वेचायची, पण देठ खुडायला तिचा हात धजेना. ती फुलं ओल्या फडक्यात जपून ठेवायची. दुपारी फडकं उघडलं की सगळी तपकिरी! मग ती मुसमुसून रडायची. आईने एकदाच रंगात बुडवलेलं कापड फळीवर तसंच पडून होतं, फिकट पिवळं.

"उपले, चीवर व्हायला हवं गं," बाबा हळूच म्हणाले. "पौर्णिमेला भंतेंना द्यायचं असतं."

"उद्या करते, बाबा."

दुसऱ्या दिवशीही ती तेच म्हणाली.

एका पहाटे कोळ्याच्या जाळ्यात दवाचे मोती चमचमत होते आणि त्यात एक फूल धडपडत होतं. उत्पलाने जाळ्याचा एकही धागा न तोडता ते अलगद सोडवलं. पाहते तर काय, ती होती बोटभर उंचीची परी! पांढरेशुभ्र पंख, केशरी पायघोळ झगा आणि केसांत दवाचा एक थेंब.

"मी देठुली," परी म्हणाली. "किती हळू सोडवलंस मला! आणि त्या कोळ्याचं घरही नाही मोडलंस. दोन इच्छा माग. एक तुझ्यासाठी, दुसरी दुसऱ्या कुणासाठी."

"माझी आई परत आण."

देठुलीचे पंख मिटले. "गेलेलं परत आणता येत नाही गं, सोनुली. तेवढं मागू नकोस."

उत्पलाने झाडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तर मग आईच्या झाडाची फुलं कधी कोमेजू नयेत. कधी गळू नयेत."

"तसंच होईल. पण मग तुला ती राखत बसावं लागेल हं," असं म्हणून परी पानाआड दिसेनाशी झाली.

पारिजातक चांदण्यांनी लहडल्यासारखा झगमगू लागला. उत्पला टाळ्या पिटत नाचली. दुपार झाली, संध्याकाळ झाली, एक फूलही गळलं नाही. पण नवी कळीही उमलली नाही. वासही येईना. भुंगे यायचे आणि तसेच माघारी जायचे.

शेजारची मंजी कुंपणावरून हसली. "काय गं, तुझं झाड लग्नाला निघालंय का? नुसतं नटून उभं! हलव की जरा फांदी."

"हात लावू नकोस! लांब हो!" उत्पला ओरडली.

असं ती आजवर कुणाशीच बोलली नव्हती. मंजी मुकाट्याने निघून गेली. उत्पला वारा सुटला की खोडाला मिठी मारायची. घास घेतानाही तिचे डोळे झाडावरच असायचे.

एके दिवशी भंते भिक्षेला आले. त्यांचं चीवर खांद्यावर फाटलं होतं.

"थंडी वाजते, भंते?"

"वारा भोकातून डोकावतो आणि विचारतो, येऊ का आत? नाही म्हणावं, तर ऐकतो थोडाच!" ते हसले. हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. मग त्यांनी झाडाकडे पाहिलं. "एकही फूल खाली नाही?"

"ती गळणारच नाहीत. मी मागून घेतलंय."

"मग आता सुखात असशील."

"नाही, भंते. आधी रडू यायचं. आता भीतीही वाटते. सारखी."

भंते अंगणात बसले. "मी लहान असताना माझी आई गेली. तिच्या लुगड्याची चिंधी मी मुठीत आवळून धरली होती. खाताना, झोपताना, सतत. पुढे मूठच दुखायला लागली. आई गेल्याचं दुःख होतंच, बाळ. त्यावर हे मुठीचं दुखणं मी आणखी चढवलं होतं."

"मग मूठ सोडली?"

"हळूहळू."

"सोडल्यावर आईला विसरलात?"

"माझं सांगून तुला कसं पटेल? ते ज्याचं त्याने पाहायचं असतं."

ते डोंगराकडे वळले, तेव्हा फाटकं चीवर वाऱ्यावर फडफडत होतं. उत्पलाने फळीवरचं फिकट कापड काढलं. देठ हवे होते. तिने फांदीकडे हात नेला आणि आईचे शब्द आठवून मागे घेतला.

दुसऱ्या पहाटे तिने हाक मारली, "देठुली! दुसरी इच्छा भंतेंसाठी. फुलं गळू देत."

"मग ती कोमेजतील."

"हो. ठाऊक आहे मला."

टप. टप टप. आणि मग पांढऱ्या-केशरी फुलांची नुसती सर! अंगण घमघमलं. उत्पला रडत होती आणि ओंजळी भरत होती.

"मंजे, येतेस? अजून चिडलीयेस?"

"चिडलेय तर! सरक तिकडे, सूप दे इकडे."

दोघींनी देठ खुडले, वाळवले, चुलीवर उकळले. कापड बुडवून वाळवलं, पुन्हा बुडवलं. होता होता ते उगवतीसारखं केशरी झालं.

पौर्णिमेच्या सकाळी उत्पला अंगणात वेणी घालायला बसली. देठुली तिच्या तळहातावर उतरली. तिचे पंख उन्हात विरघळू लागले होते.

"तूही जाणार?"

"मीही याच झाडाची ना गं, छकुली."

उत्पलाची बोटं मिटू लागली. मग तिने ती पुन्हा उघडली. तळहातावर सोनेरी उजेड लखलखला, अंगणात पडलेल्या पाकळ्यांवरून घरंगळला आणि नाहीसा झाला.

उत्पलाने पुन्हा पेड हातात घेतला. बोटं कानाशी आली, आणि मंद, गोड वास आला. तिने बोटं समोर धरली. टोकापर्यंत केशरी.

"उपले, निघायचं ना?" चीवराची घडी उराशी धरून बाबा दारात उभे होते.

"आले, बाबा."

तिने बोटं थोडा वेळ तशीच कानाशी ठेवली. मग वेणी पुढे घातली.