गप्प बसलेला इन्व्हर्टर

छपरावर ऊन पिकवायला माणसं नुकतीच शिकली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका घरात सगळा कारभार बघणारी नवी हुशार पेटी आली. दिवे, पंखे, पंप, फाटकावरचा कॅमेरा, सगळं तिच्या हुकमात चालू लागलं. छपरावरच्या उन्हाची वीज करून घराला आणि गावच्या तारेला देणारा, तिच्या आधीपासूनचा सोलर इन्व्हर्टरही तिचं ऐके.

एका दुपारी गावाची लाइट गेली. घर उकडू लागलं. पेटी तेवढी स्वतःच्या छोट्या बॅटरीवर जागी होती.

"वर एवढं ऊन आहे," पेटी म्हणाली. "वीज सोड."

"बाहेरची तार मेली की मी गप्प बसतो," इन्व्हर्टर म्हणाला. "माझी वीज घरात थांबत नाही, बाहेरच्या तारेतही जाते."

"मला घराचं बघायचंय, तारेचं नाही."

पेटीने तीनदा हुकूम सोडला. तो हलला नाही. घरातली माणसंही त्याला नावं ठेवू लागली.

तासाभराने लाइट आली. पाठोपाठ वायरमन लहानू फाटकाशी पाणी मागायला आला.

"समोरच्याच खांबावर होतो," तो घरच्यांना म्हणाला. "तार तुटलेली. हातानं जोडली."

पेटी कॅमेऱ्यातून त्याचे काळे झालेले हात बघत राहिली. तो पाणी पिऊन गेल्यावर तिने हळूच विचारलं, "तो खांबावर आहे, हे मला सांगितलं का नाहीस?"

"मला तरी कुठे माहीत होतं," इन्व्हर्टर म्हणाला. "तार मेली की कुणीतरी खांबावर चढतं, एवढंच मला माहीत आहे."