दहाचं विमान

वर्ध्याच्या कोर्टातून निवृत्त झालेल्या कुमुदताई वैरागडे मधुमेही थोरल्या भावाला घेऊन विमानतळावर बसल्या होत्या. धुक्यामुळे दहाच्या विमानाची वेळ आधी अकरा झाली, मग बारा, मग एक. कँटीनमधलं खाणं संपलं होतं आणि उपाशी दादांचे हात थरथरू लागले होते.

कुमुदताई विमान कंपनीचे व्यवस्थापक सरनाईक यांच्याकडे गेल्या. "दोन तासांवर उशीर झाला तर जेवण द्यायचं, असा तुमचाच नियम आहे ना?"

सरनाईक टाय सावरत म्हणाले, "आजी, नियम मला नका शिकवू. नवी वेळ जाहीर झाली की जुनी संपली. कुठलाच उशीर तासाच्या वर नाही."

"म्हणजे दहाचं विमान संपलं?"

"संपलं."

"अकराचं? बाराचं?"

"तीही संपली."

कुमुदताई मागे वळून मोठ्याने म्हणाल्या, "ऐका हो! साहेब म्हणतात, आपली तीन विमानं रद्द झाली. तिकिटाचे पैसे परत घ्यायला रांग लावा!"

दीडशे माणसं एकदम उठली. सरनाईकांचा चेहरा उतरला. "अहो ताई, विमान एकच आहे! दहाचंच!"

"मग त्याला तीन तास उशीर झालाय. आधी दादांचं जेवण आणा."

पाच मिनिटांत पाकिटं आली. दादांनी पहिला घास घेतला, तेव्हा कुठे कुमुदताई खाली बसल्या.