सरजाची पायरी

निमखेड्याच्या वेशीजवळ धान्याचं जुनं पेव आहे, जमिनीत खोदलेलं. त्याच्या तोंडाशी एक काळी पायरी आहे, मधोमध इतकी झिजलेली की पावसाचं पाणी तिच्यात साठून राहतं. पाहुणे आले की गावातल्या कोंडाबाई त्यांना तिथे नेतात आणि म्हणतात, ही सरजाची पायरी.

सरजा म्हणजे बाजी पाटलांची धाकटी सून. दोन वर्षं पाऊस नव्हता म्हणे. पेव गावानेच अडल्यानडल्यासाठी भरलेलं. पण पंचांचा नियम असा, की ज्याला धान्य हवं त्याने पायरीवर उभं राहून नाव मोठ्याने सांगायचं आणि सूप पुढे करायचं. पंच समोर पारावर बसून पाहत. "भुकेला कसली लाज?" असं बाजी पाटील म्हणत, जेवून आल्यावर.

भागा कोष्टीण नाव सांगायला आली नाही. ओली बाळंतीण ती. तिच्या घरातून तीन दिवस धूर निघाला नाही, तेव्हा सरजा पदराखाली भाकरी घेऊन दाराशी गेली. भागा आतूनच म्हणाली, "आज तू लपवून आणलीस. उद्या कोण आणणार? जा बाई. त्या पायरीपेक्षा लावलेलं दार बरं."

सरजाने भाकरी उंबऱ्यावर ठेवली आणि तडक पेव गाठलं. पायरीवर उभी राहून तिने स्वतःचं नाव सांगितलं.

"सूनबाई, घरात कणग्या भरल्यात," पाटील म्हणाले. "हसं करताय आमचं?"

"भुकेला लाज नसते ना, मामंजी? मग तुम्हीही या सूप घेऊन. गावातलं प्रत्येक घर इथे उभं राहीपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही."

पोरकट हट्ट आहे, दुपारपर्यंत उतरेल, असं पंचांचं मत पडलं. दुपार गेली, दिवस गेला. दुसऱ्या दिवशी उन्हाने घेरी आली तेव्हा ती बसली, पण पायरीवरच. तिसऱ्या दिवशी पाटील पागोटं सारखं करत आले, हातात रिकामं सूप. ते पायरीवर चढले. "बाजी," ते कसेबसे म्हणाले.

"मोठ्याने, मामंजी. नियम आहे."

त्यांनी मोठ्याने सांगितलं. मग पंच आले, मग एकेक घर. शेवटी भागा आली, बाळाला पोटाशी धरून. तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. सूप सगळ्यांच्याच हातात होतं.

त्या दुष्काळात पेव रिकामं झालं नाही, तो देवीचा चमत्कार, असं म्हातारी मंडळी सांगतात. कोंडाबाईंना ते पटत नाही. ज्यांच्या घरी होतं, त्यांनी नेलेलं सूप दुप्पट भरून परत आणलं. त्यात देवीला कशाला दमवायचं, असं त्या म्हणतात.

आजही चैत्रात पेव उघडलं की पहिलं सूप पाटलांच्या घरचं येतं, रिकामं. मागून सगळं गाव. यातलं गरजेपोटी कोण आलं, हे ओळखता येत नाही. पाहुणाही सुटत नाही. गोष्ट संपली की कोंडाबाई त्याच्या हातात सूप देतात.

"चढा," त्या म्हणतात, "आणि नाव मोठ्याने सांगा."