पोरगीपासून सासूपर्यंत

फार फार मागे, सूर्य उगवला की गडांचे दरवाजे उघडत आणि मावळला की बंद होत, त्या काळातली ही गोष्ट. एका गडाच्या महादरवाजाला सागवानी अडसर होता. तो इतका जड, की दुसऱ्या कुठल्याही गडावर त्याला दोन गडी लागले असते. इथे मात्र एकटी एक बाई रोज सकाळी तो काढायची आणि संध्याकाळी पुन्हा घालायची. लोक तिला अडसरवाली म्हणत. तिचं खरं नाव कुणी घेतच नसे.

अडसरवाली अंगानं दणकट होती, पण जीव चिमणीचा. मांजरानं भांडं पाडलं तरी दचकायची. कुणी पाठीमागून हाक मारली तर "अगं बाई!" म्हणून छातीवर हात ठेवायची. लोक हसत, तीही हसे. ओझ्याची मात्र तिला कधी भीती वाटली नाही. "ओझं कसं, समोर असतं. मागून येऊन भोकाडी दाखवत नाही," असं ती म्हणायची.

गडावर एक तालीम होती. तालमीच्या अंगणात चार दगडी गोटे ओळीनं ठेवलेले असत. सगळ्यात लहान गोट्याचं नाव पोरगी. त्यापुढे नवरी, मग सून, आणि शेवटी काळीकुळकुळीत, गोल गरगरीत सासू. जो दरवाजा सांभाळतो, त्यानं दर दसऱ्याला सगळ्यांसमोर सासू उचलून दरवाजापुढच्या छातीइतक्या उंच चौथऱ्यावर ठेवायची, असा रिवाज होता. सासू चौथऱ्यावर चढली, की पुढलं वर्षभर अडसराचं काम त्याचं आणि दरवाजाशेजारची खोलीही त्याचीच. अडसरवालीनं आठ दसरे सासू उचलली होती.

एका थंडीत, सराव करताना, सासू छातीशी आली आणि तिच्या उजव्या खांद्यात कट्ट झालं. गोटा खाली आणि बाईही खाली! हाडवैद्यानं खांदा बसवला, हात गळ्यात बांधला आणि बजावलं, "तीन महिने हा हात तुझा नाही, माझा. त्यानंतर कर काय ते, पण हळूहळू."

तिच्या जागी गडावरच्याच एका घरातले दोन भाऊ कामाला लागले. थोरला म्हणे, "तू आधी उचल." धाकटा म्हणे, "का? तू थोरला ना?" तोवर दरवाजाबाहेर गाड्यांची रांग लागलेली असे. तरी किल्लेदारानं अडसरवालीला बोलावून सांगितलं, "हे बघ बाई, रिवाज मोडता येत नाही. येत्या दसऱ्याला सासू उचललीस तर दरवाजा तुझा. नाही तर दोघे भाऊ मिळून ती उचलतील, मग काम त्यांचं आणि खोलीही त्यांची."

खोली गेली तर गडावर तिला दुसरं छप्पर नव्हतं.

हात सुटला तशी ती तालमीत गेली. म्हाताऱ्या वस्तादांनी बोटानं पोरगी दाखवली. तिथे पाच-सहा मुली वेण्या वर बांधून आधीच घाम गाळत होत्या.

"ए सरका गं, मावशी आपला गोटा घ्यायला आल्यात!" एक जण म्हणाली आणि बाकीच्या फिसकन हसल्या.

अडसरवालीच्या कानशिलांपर्यंत लाज चढली. आठ वर्षं सासू उचललेली बाई, आणि पोरींच्या रांगेत! चार दिवस तिनं कसेबसे काढले. पाचव्या दिवशी भर दुपारी, तालमीत चिटपाखरू नसताना, ती थेट सुनेकडे गेली. गोटा गुडघ्यापर्यंत आला आणि खांद्यातून अशी कळ निघाली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुढचा महिनाभर तिला स्वतःची वेणीसुद्धा घालता येईना.

मान खाली घालून ती वस्तादांपुढे उभी राहिली.

"कुणाला दाखवायचं होतं?" वस्तादांनी विचारलं.

"कुणी नव्हतंच तिथे, वस्ताद."

"म्हणजे स्वतःलाच. तो प्रेक्षक सगळ्यात वाईट."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला भीती वाटते हो. खांद्यात जरासं काही वाजलं, तरी जीव उडतो. म्हटलं, एकदा सून उचलली की भीती जाईल."

"भीती उचलून जात नसते, पोरी. ती कंटाळून जाते." वस्ताद दात नसलेल्या तोंडानं हसले. "पोरगी कंटाळा येईस्तोवर उचल. मग नवरीचा कंटाळा येऊ दे. मग सुनेचा."

"आणि सासूचा?"

"सासूचा कंटाळा कुणाला येत नाही? तिथवर पोच तर आधी!"

हाताला आराम पडल्यावर तिनं पुन्हा पोरगी धरली. पंधरा दिवसांनी म्हणाली, "वस्ताद, आला कंटाळा."

"मग श्वास का धरून ठेवतेस? कंटाळलेलं माणूस श्वास धरत नाही. उद्या पुन्हा पोरगीच."

आणखी महिना गेला. एके दिवशी ती मुलींना ठेचा कसा करायचा ते सांगत होती. मिरच्या आधी भाजायच्या, लसूण मागाहून, असं सांगता सांगता तिनं पोरगी उचलली आणि ठेवली. खांद्यात कट्ट वाजलं होतं. तिनं मनातल्या मनात विचारलं, दुखतंय का? दुखत नव्हतं. "आणि मीठ जाडं घ्यायचं बरं का," ती पुढे म्हणाली.

वस्तादांनी लांबूनच नवरीकडे बोट केलं.

श्रावण सरेपर्यंत नवरी झाली. भाद्रपदाअखेर सून झाली. सासू मात्र मांडीपर्यंत यायची आणि तिथे वस्ताद हात वर करायचे. "बास. उरलेली दसऱ्याला."

दसऱ्याच्या सकाळी सारा गड दरवाजापुढे जमला. सासूला झेंडूची माळ घातली होती. किल्लेदार आसनावर बसला. अडसरवाली पुढे आली आणि पदर खोचून म्हणाली, "सरकार, तालमीतले बाकीचे तीन गोटेही आणायला सांगा."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. थोरला भाऊ ओरडला, "ताई, सासूला भेटण्याआधी सगळं गणगोत गोळा करणार का?" एकच हशा पिकला.

किल्लेदारानं भुवया उंचावल्या. "वेळ काढतेस की काय?"

"नाही सरकार. सासूकडे जायची वाट मला पोरगीवरूनच ठाऊक आहे."

गोटे आले. आठ दसरे गाजवलेली बाई भर मैदानात, सगळ्यांदेखत, पोरींचा गोटा उचलू लागली. लोक पोट धरून हसत होते. इतक्यात मागे कुणीतरी तुतारी फुंकली आणि ती "अगं बाई!" करून केवढ्यानं दचकली! पण गोटा हातातच राहिला. तीही हसली आणि पुन्हा उचलायला लागली.

मग नवरी. हसणं जरा ओसरलं. मग सून. आता पोरंबाळंही गप्प झाली.

ती सासूपुढे बसली. बोटं खाली सरकवली, पाय रोवले. गोटा गुडघ्यापर्यंत आला, मांडीवर टेकला. तिथे तिनं तीन श्वास घेतले. सावकाश घेतले, जणू कुठेच जायची घाई नव्हती. मग पोटाशी, मग छातीशी. खांदा वाजला. तिनं मनात विचारलं, दुखतंय का? खांद्यानं नाही म्हटलं. सासू चौथऱ्यावर अलगद टेकली, जणू तिथे बसायला तीच आपल्या पायांनी चढून आली होती.

गलका झाला, टोप्या उडाल्या. किल्लेदारानं महादरवाजाचं काम तिच्याकडेच ठेवलं. खोलीही राहिली. त्या गलक्यात धाकट्या भावाला चेव आला आणि तो बाह्या सरसावून सासूकडे धावला. अडसरवालीनं त्याचं मनगट धरलं.

"तिकडे नंतर, भाऊ. आधी इकडे बस. ही पोरगी."

तो कुरकुरला, इकडेतिकडे बघू लागला, पण बसला. त्याच्याकडे बघून कुणी हसलं नाही. तेव्हापासून त्या गडावर दसऱ्याचा पहिला मान पोरगीला मिळू लागला.

गेलेलं बळ परत आणायचं असेल, तर सगळ्यात लहान ओझं सगळ्यांदेखत उचलायला लाजू नये.