महाराजांचं अर्धं मिनिट

राजे उदंडरावांनी ब्राउझरमधलं बटण दाबलं. पडद्यावर चाक गरगर फिरलं, अर्धं मिनिट झालं आणि पाटी झळकली: 'वेळ संपली. पुन्हा प्रयत्न करा.'

"पुन्हा?" राजे कडाडले. "राजाने पुन्हा प्रयत्न करायचा?"

राज्यातल्या झाडून साऱ्या विहिरींत किती पाणी आहे, ते एका बटणासरशी नकाशावर दिसावं, अशी राजांची हौस. शेजारचे राजे उद्या पाहुणे येणार होते, त्यांच्यापुढे मिरवायचं होतं! पण एवढ्या विहिरींच्या हिशेबाला चांगली दहा मिनिटं लागत. आणि अर्ध्या मिनिटात जे उत्तर देणार नाही त्याचं बोलणं तिथेच तोडायचं, हा दरबारातल्या यंत्रांना खुद्द राजांचा हुकूम. राजांकडे दिलेल्या अर्जाला उत्तर यायला तीन पावसाळे लागत, ती गोष्ट वेगळी. राजे काही यंत्र नव्हते.

संगणकखात्याचे प्रमुख त्र्यंबकपंत हात जोडून म्हणाले, "महाराज, मर्यादा जराशी वाढवली तर..."

"माझा हुकूम म्हणजे काय रबर आहे, ताणायला?"

"मग थोड्या विहिरी वगळू?"

"एकही नाही! आणि नवं यंत्रही मिळणार नाही. उद्या मी बटण दाबणार. ती पाटी पुन्हा दिसली, तर तुमचं अख्खं खातं हत्तीखान्यात, शेण उचलायला!"

"बटण जरा जोरात दाबून पाहावं," प्रधान दिगंबररावांनी मोलाचा सल्ला दिला. राजांनी कौतुकाने मान डोलावली.

खात्यात सगळ्यांत खालच्या जागेवर होती शिंप्याची लेक गोजरा. तिला हत्तींची भीती नव्हती. पण पंतांची कंबर धरलेली, त्यांना वाकवत नसे. म्हाताऱ्याने शेणाच्या टोपल्या उचलाव्यात, हे तिला बघवणार नव्हतं. बाकीचे कुठला हत्ती गरीब स्वभावाचा यावर वाद घालत बसले. गोजरा मात्र निमूटपणे कामाला लागली.

सकाळी पाहुण्यांसमोर राजांनी बटण दाबलं. सल्ल्याप्रमाणे, अगदी जोरात. पापणी लवायच्या आत पडदा बोलला: 'हुकूम मिळाला. काम सुरू केलं. हे घ्या टोकन.'

मग ते पान स्वतःच थोड्या थोड्या वेळाने टोकन दाखवून आतल्या यंत्राला विचारू लागलं, झालं का? लगेच उत्तर येई, पूर्वेच्या विहिरी झाल्या. पुन्हा विचारणा, पुन्हा तत्काळ उत्तर, डोंगराकडच्या चालू आहेत. पाहुण्यांचं सरबत संपतंय तोच सगळा नकाशा निळ्या ठिपक्यांनी भरून गेला. पाटीचा पत्ताच नव्हता!

पंतांनी सुस्कारा सोडला. राजांचा चेहरा मात्र उतरला. कुणालाच शिक्षा करता येत नव्हती ना!

"लबाडी!" ते ओरडले. "अर्ध्या मिनिटात नकाशा कुठे आला?"

गोजरा पुढे झाली. "महाराज, पानाने इतक्या वेळा विचारलं. एका तरी विचारण्याला अर्धं मिनिट लागलं?"

राजांनी आठवून पाहिलं. "नाही..."

"हुकूम उत्तराचा होता, काम उरकण्याचा नव्हता. माझे बाबा शिंपी आहेत. गिऱ्हाइकाने कापड दिलं की ते पावती देतात आणि शिवायला बसतात. अंगरखा होईपर्यंत गिऱ्हाइकाला दारात ताटकळत ठेवत नाहीत. मध्येच येऊन विचारलं तर सांगतात, बाह्या राहिल्यात."

"ही शुद्ध पळवाट आहे!" प्रधान उसळले. "'काम चालू आहे' हे काय उत्तर झालं?"

"प्रधानजी, आपल्या कचेरीत आम्हाला वर्षानुवर्षं हेच तर उत्तर मिळतं," गोजरा अदबीने म्हणाली. "फरक एवढाच, इथे काम खरंच चालू होतं!"

आधी पाहुणे राजे मिशीतल्या मिशीत हसले. मग उदंडराव असे खदखदून हसले की पगडी मांडीवर आली!

"शाब्बास, पोरी!" डोळे पुसत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. "आजपासून प्रधानांची कचेरीही तूच चालव. आणि दिगंबरराव, तुम्ही हिच्या हाताखाली बसा. बटणं दाबायला, जोरात!"